शाळा म्हणते "विशेष शाळेत घाला": पालकांनी काय मागावे, कोणाकडे आणि कसे

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेआठ वर्षांचा, तालुक्याच्या गावी अनुदानित मराठी शाळेत तिसरीत शिकतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला आहे, पण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढलेले नाही. वाचन चांगले, तोंडी गणित चांगले, मात्र लिहायला बसत नाही आणि परिपाठाच्या वेळी कान झाकून बाहेर पळतो. मुख्याध्यापकांचे म्हणणे, शाळा सोडल्याचा दाखला काढून विशेष शाळेत घाला, नाहीतर आईने रोज वर्गात बसावे. आईने विचारले आहे की आता काय करायचे.

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट टाळा. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज देऊ नका, कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणूनच "तुम्हीच अर्ज करा" असा आग्रह होतो. पालकांचा अर्ज हाती आला की कागदोपत्री ते काढणे राहत नाही, पालकांनी स्वखुशीने नेलेले ठरते आणि पुढे कुठल्याही अधिकाऱ्यापुढे तुमची बाजू लंगडी पडते.

आता हक्क नेमका कुठे आहे ते पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे धरली आहेत आणि ऑटिझम त्यांपैकी एक. त्याचे कलम 16 शाळांसाठी आहे: भेदभाव न करता प्रवेश, इमारतीत आणि आवारात वावरता येणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी, वैयक्तिक आधार, प्रगतीवर लक्ष, गरज असेल तिथे वाहतूक. हे कलम सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना लागू आहेच, पण सरकारची मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेलाही आहे. "आम्ही खासगी आहोत", "आम्ही विनाअनुदानित आहोत" ही उत्तरे इथे चालत नाहीत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, पण त्यांना मान्यता असेल तर दिव्यांग कायद्याचे कलम 16 तरीही लागू राहते. शाळेशी बोलताना दोन्ही कायद्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. कोणता मुद्दा कोणत्या कायद्याचा हे पक्के असले की समोरचा माणूसही सांभाळून बोलतो.

विशेष शाळेचा निर्णय कोणाचा, याचे उत्तर कलम 31 मध्ये आहे. 6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. पसंती मुलाची आणि पालकांची. मुख्याध्यापक मत देऊ शकतात, निर्णय देऊ शकत नाहीत. विशेष शाळा वाईट असे मी मुळीच म्हणत नाही. कर्णबधिर मुलाला लहानपणी खुणांच्या भाषेत बोलणारी माणसे भोवती मिळणे फार मोलाचे असते, आणि ते पुष्कळदा विशेष शाळेतच मिळते. पण तुमचा मुलगा वाचतो, आकडेमोड करतो. अडचण लिहिण्याची आणि आवाजाची आहे. या दोन अडचणींवर आधी आहे त्याच शाळेत मार्ग काढून पाहायला हवा. तो न पाहताच शाळा बदलली तर नव्या शाळेतही लिहिणे आणि आवाज हे दोन्ही प्रश्न समोर उभे राहतीलच.

"घरीच शिकवा" असेही कधी सुचवले जाते. घरी राहून शिकण्याची मुभा 2012 च्या दुरुस्तीने आली. ती तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी आहे आणि तीही हक्क म्हणून. शाळेने घालायची ती अट नव्हे.

पालकांचे बहुतेक प्रयत्न मागणी मोघम असल्यामुळे वाया जातात. "जरा लक्ष द्या", "समजून घ्या", "सहकार्य करा" असे म्हटले की उत्तरही "आम्ही करतोच आहोत" असेच येते, आणि ते खोटे ठरवायला तुमच्या हाती काही नसते. मागणी अशी हवी की ती पूर्ण झाली की नाही हे वर्गाच्या दारात उभे राहून कोणालाही सांगता आले पाहिजे.

त्यासाठी आधी दोन आठवडे एक वही ठेवा. त्यात तारीख, कोणता तास, आधी काय चालले होते, मुलाने काय केले, कशाने शांत झाला, एवढेच लिहा. वर्गातले तुम्हाला दिसत नसेल तर वर्गशिक्षकांना दिवसाला एक ओळ लिहायची विनंती करा. बहुतेक शिक्षक एक ओळ देतात, पान मागितले तर देत नाहीत. "चिडतो" असे लिहू नका. "मराठीच्या तासाला फळ्यावरच्या सहा ओळींपैकी दोन उतरवल्या, मग पेन्सिल फेकली, तेच उत्तर विचारले तर तोंडी बरोबर सांगितले" असे लिहा. या एका वाक्यातून मागणी आपोआप निघते, कारण आशय येतो आणि अडते ते उतरवण्यात, हे त्यात दिसते. हातावर ताण येतो की बसण्यात अडचण आहे हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (लिहिणे, बसणे अशा रोजच्या क्रियांवर काम करणारे तज्ज्ञ) तपासून घ्या आणि त्यांच्याकडून अर्ध्या पानाचे लेखी मत मागा. वीस पानी अहवाल शाळेत कोणी वाचत नाही, आणि त्यातली घरगुती माहिती सगळ्यांच्या हाती जायचे कारणही नाही.

मग मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा, तो एका पानाचा असावा. त्यातले तीन शब्द आधी: आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्गात वर्षभर चालणारे मूल्यमापन, समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना, आणि युडायस प्लस ही शाळा व विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद. अर्ज असा:

"माझा मुलगा (पूर्ण नाव), इयत्ता तिसरी, तुकडी अ, जनरल रजिस्टर क्रमांक (…), यास ऑटिझम असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टरांच्या पत्राची प्रत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 नुसार त्यास पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती. एक, परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपकापासून दूर, शिक्षकांच्या नजरेसमोर व्हरांड्यात उभे राहण्याची मुभा. दोन, फळ्यावरून पूर्ण मजकूर उतरवण्याऐवजी लिहिलेला कागद देऊन त्यातील रिकाम्या जागा भरून घेणे. तीन, आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक व कृती या साधनांचा वापर आणि लेखी चाचणीत तासाला 20 मिनिटे जादा वेळ. चार, समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांना शाळाभेटीसाठी लेखी कळवणे आणि त्यांच्यासोबत वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करणे. पाच, युडायस प्लस प्रणालीत दिव्यांगत्वाची नोंद. यांपैकी काही देणे शक्य नसल्यास त्याचे कारण कृपया 15 दिवसांत लेखी कळवावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. लेखी नकार द्यायचा म्हटला की त्यावर कोणालातरी सही करावी लागते, आणि तोंडी नकार देणारे पुष्कळ लोक तिथे थबकतात. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि शाळेच्या ईमेलवर पाठवा आणि पावती जपून ठेवा. पहिल्या अर्जात शिक्षा, दंड, पोलीस, पत्रकार यांचा उल्लेख नको. दिव्यांग कायद्याच्या कलम 89 मध्ये पहिल्या उल्लंघनाला 10 हजार रुपयांपर्यंत आणि नंतर 50 हजार ते 5 लाखांपर्यंत दंड आहे, हे तुम्हाला माहीत असावे, पण ते पहिल्या दिवशी बोलून दाखवायचे नाही. मुलगा रोज पाच-सहा तास त्याच माणसांच्या हाती असतो.

तिसऱ्या मागणीबद्दल थोडे सांगतो, कारण ती सगळ्यात सोपी असून सगळ्यात कमी मागितली जाते. आपल्या राज्यातल्या प्राथमिक मूल्यमापनात लेखी चाचणी हे अनेक साधनांपैकी एकच साधन आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प, स्वाध्याय ही सगळी शिक्षकांच्या नोंदवहीत आधीपासून आहेत. म्हणजे तोंडी परीक्षा घेण्यासाठी वर्गशिक्षकांना वरून नवीन परवानगी आणायची गरज नाही, असलेल्या रकान्यांतलेच दुसरे साधन वापरायचे आहे. हे शांतपणे दाखवून दिले की शिक्षक पुष्कळदा तयार होतात. त्यांची भीती असते ती तपासणीत अडकण्याची. तुमचा अर्ज आणि शाळेची आवक नोंद याने त्यांनाही आधार मिळतो.

पाचवी मागणी वरवर क्षुल्लक दिसते, पण तिच्यावाचून चौथी पुढे सरकत नाही. युडायस प्लसमध्ये मुलाच्या नावापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला नसेल तर तालुक्याच्या आकडेवारीत तो मुलगा दिव्यांग म्हणून दिसतच नाही. मग विशेष शिक्षकाच्या भेटींच्या यादीत नाव नाही, साहित्याच्या शिबिरात नाव नाही, प्रवास किंवा मदतनीस भत्त्याच्या प्रस्तावात नाव नाही. नोंद झाली का, याची छापील प्रत मागा आणि प्रकार बरोबर भरला आहे ना ते पाहा. ऑटिझमच्या जागी बौद्धिक अक्षमता भरली जाणे ही नेहमीची चूक आहे.

समग्र शिक्षात दर मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंतची तरतूद असते, त्यामुळे "आमचे 3500 रुपये द्या" असे काही पालक शाळेत जाऊन म्हणतात. ती रक्कम रोख हातात मिळण्याची नाही. त्यातून साहित्य, तपासणी शिबिरे, विशेष शिक्षण असे खर्च होतात. दिव्यांग मुलींना मात्र महिना 200 रुपयांप्रमाणे 10 महिन्यांचा भत्ता वेगळा असतो. विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून येतात आणि एकाकडे अनेक शाळा असतात. म्हणून "शिक्षक द्या" असे म्हणण्याऐवजी भेटीच्या तारखा मागा, आणि भेट नसलेल्या दिवशी वर्गशिक्षकांनी काय करायचे ते त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची (विशेष शिक्षकांची अधिकृत नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी आहे का, हे विचारणेही योग्यच. एका बाबतीत तुम्ही इतर पालकांसोबत मिळून मोठी मागणी करू शकता. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्राने 2022 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना 15 मागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले, आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना त्यासाठी पदे जाहीर करायला सांगितले. तालुक्यातल्या आठ-दहा पालकांनी एकत्र सही केलेले निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणे हे एकट्या आईच्या अर्जापेक्षा निराळे असते.

आईने वर्गात बसण्याची अट मान्य करू नका. पहिले काही दिवस तुम्ही स्वतः आपणहून बसायला तयार असाल तर तेही लेखी ठरवा: कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या तासांना, आणि त्या काळात वर्गशिक्षक तुमच्याकडून काय शिकून घेणार. शेवटची तारीख ठरली नाही तर ती व्यवस्था कायमची होते. तुमची नोकरी जाते, आणि मुलगा वर्गाचा न राहता आईचा राहतो. मोठ्या शहरांतल्या खासगी शाळा पालकांच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे त्या एका मुलासोबत वर्गात बसणारा मदतनीस, आणायला लावतात. तिथेही हेच विचारायचे: कोणी ठरवले, कशासाठी, आणि मदत हळूहळू कमी कधी करणार.

आता प्रमाणपत्र. वर्गातल्या सोयींसाठी कायद्याने प्रमाणपत्राची पूर्वअट घातलेली नाही, त्यामुळे "आधी सर्टिफिकेट आणा" म्हणून अर्ज थांबवू देऊ नका. मात्र मोफत साहित्य, शिष्यवृत्ती, परीक्षेतील सवलती, पुढे उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षण यांसाठी ते लागते. म्हणून समांतर सुरू करा. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी साठी (दिव्यांगांचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र) अर्ज भरायचा, मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि रुग्णालय निवडायचे. इथे तीन ठिकाणी घोळ होतात. पहिला नावाचा: आधार, जन्मदाखला आणि शाळेचे रजिस्टर यांत वडिलांचे नाव किंवा आडनावाचे स्पेलिंग वेगळे असेल तर आधी ते दुरुस्त करा. दुसरा रुग्णालयाचा: जवळचे म्हणून ग्रामीण रुग्णालय निवडले जाते आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नसतात. ऑटिझमसाठी जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयच निवडा. तपासणीचा वार ठरलेला असतो, तो फोन करून विचारल्याशिवाय मुलाला घेऊन प्रवास करू नका.

तिसरा घोळ आपल्या स्वभावातून येतो. ऑटिझमच्या मोजणीसाठी बहुतेक ठिकाणी 40 प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात, आणि तिची बरीच उत्तरे आई-वडिलांच्या सांगण्यावर भरली जातात. डॉक्टरांनी विचारले, "स्वतः जेवतो का?" की आई अभिमानाने सांगते, "हो, सगळं करतो." प्रत्यक्षात ती भात कालवून देते, तीन वेळा आठवण करते, पाण्याचा पेला हातात देते. मग टक्के कमी लागतात आणि घरी आल्यावर हळहळ होते. वाढवून सांगू नका, पण किती मदत लागते तेही गाळू नका. ती दोन आठवड्यांची वही सोबत न्या, घरच्या नोंदीही त्यात घाला. टक्केवारी मान्य नसेल तर कलम 59 प्रमाणे अपील करता येते. मुदतीचे प्रमाणपत्र मिळाले असेल तर संपण्याची तारीख आजच लिहून ठेवा. दहावीच्या वर्षात ते संपलेले निघाले की फार धावपळ होते.

40 टक्क्यांच्या खाली आले तर सगळे संपले असे समजू नका. कलम 16 च्या सोयी टक्केवारीवर अवलंबून नाहीत. लेखनिकाबाबत (परीक्षेत मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा माणूस) तर सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या फेब्रुवारी 2021 च्या निकालात स्पष्ट केले की लिहिण्यात अडचण असेल तर केवळ 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, आणि त्यानंतर केंद्राने 2022 मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या.

अर्ज देऊन 15 दिवस झाले आणि काहीच हलले नाही, तर पुढची पायरी चढायची. एक आठवणपत्र, मग पहिल्या अर्जाच्या प्रतीसह गटशिक्षणाधिकारी, प्रत केंद्रप्रमुखांना. तिथून जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. तिसरी असल्याने प्राथमिकचे. शाळा पाचवी ते दहावीची असती तर माध्यमिकचे, आणि चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनाभर तिथेच राहतो. त्यापुढे पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्त. राज्य आयुक्तांना कलम 82 ने चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत: माणसाला बोलावणे, कागद मागवणे. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला 3 महिन्यांत काय केले ते कळवावे लागते. मारहाण, कोंडून ठेवणे, वर्गात पाणउतारा असे काही घडले तर मात्र पायऱ्या मोजत बसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक आणि मानसिक दोन्ही छळ निषिद्ध आहे, थेट शिक्षणाधिकारी आणि बालहक्क संरक्षण आयोग यांच्याकडे एकाच दिवशी लिहा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज या सगळ्यात फार उपयोगी, पण नीट लिहिला तर. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, 10 रुपये शुल्क, उत्तराला 30 दिवस. "माझ्या मुलाला न्याय का मिळत नाही" हा प्रश्न फेटाळला जातो. "चालू शैक्षणिक वर्षात अमुक शाळेला विशेष शिक्षकांनी दिलेल्या भेटींच्या तारखा आणि भेट अहवालांच्या प्रती द्याव्यात" हा फेटाळता येत नाही. अनेकदा अर्ज पोहोचल्यावर पहिली भेट घडते.

शाळेत बैठक ठरली तर एकट्या जाऊ नका. नवरा, भाऊ, थेरपिस्ट, कोणीतरी सोबत न्या आणि त्यांना फक्त लिहून घेण्याचे काम द्या. रागाच्या भरात आपण काय बोललो हे नंतर आठवत नाही. त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल करा: आज काय ठरले, कोण करणार, कधीपासून. उत्तर आले नाही तरी तो कागद राहतो. वर्गशिक्षकांनी एखादी गोष्ट मनापासून केली तर तेही लेखी कळवा, मुख्याध्यापकांना प्रत देऊन. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाचा विषय काढू नका. इतर पालकांच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. अनुदानित शाळेलाही शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. अनुदानित शाळेत तिचे काम सल्ल्यापुरते असले तरी समितीच्या इतिवृत्तात तुमचा मुद्दा नोंदला गेला तर अधिकाऱ्यांपुढे तो उपयोगी येतो.

पुढची दोन वळणे आताच लक्षात ठेवा. आपल्याकडे पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असून नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आहे. त्यामुळे जादा वेळ आणि तोंडी किंवा लेखनिकाची सोय चौथीतच लेखी मंजूर असायला हवी. दहावीला सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिक घ्यायचा असेल तर नववीपासून त्याच्यासोबत सराव लागतो, सांगून लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची घाई मात्र करू नका. तुमच्या मुलाचे गणित चांगले आहे, आणि ते सोडले की पुढे गणित लागणाऱ्या वाटा बंद होतात. सवलत आहे म्हणून सगळीच घ्यायची नसते.

आणि दरवर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात, नव्या वर्गशिक्षकांना एक पान द्या: त्याला काय येते, कशाने बिथरतो, बिथरला तर पहिली पाच मिनिटे काय करायचे, गेल्या वर्षी कोणत्या सोयी मंजूर होत्या. सोबत मंजुरीच्या पत्राची प्रत. शिक्षक बदलले की तोंडी ठरलेले सगळे पुसले जाते, म्हणून हे पान दरवर्षी नव्याने द्यावे लागते.